जिराफाखालचा फळा

शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या लोकलमध्ये चढलो तेव्हा आमच्याकडे रंगाच्या चार बादल्या होत्या, ब्रशांची पिशवी होती आणि गुंडाळलेला एक भलामोठा फलक होता. फलकावर आमच्या पुण्यातल्या सोसायटीचं नाव ठळक अक्षरांत आणि शाळेचं नाव उरलेल्या जागेत होतं. मावळातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंती रंगवून द्यायच्या, हा आमचे सेक्रेटरी देसाई काका यांचा बेत. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय असलेली बाई. "शाळेला काय हवं ते विचारलंत का?" असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "विचारलं तर गंमत काय राहिली?"

बेगडेवाडीला गाडीने हिसका दिला आणि पिस्ता रंगाच्या बादलीचं झाकण उडालं. समोर बसलेल्या एका आजोबांची उजवी चप्पल बघता बघता पिस्ता झाली. देसाई काका माफी मागत रुमाल शोधू लागले. आजोबांनी चपलेकडे शांतपणे पाहिलं आणि डावा पाय पुढे केला.

"आता हीबी बुडवा. येका रंगाच्या तरी दिसत्याल."

मळवलीला उतरलो. भाजे लेण्यांची वाट सोडून आम्ही वाडीकडे वळलो. भात काढून झाल्यामुळे खाचरं (बांध घातलेले शेताचे तुकडे) मोकळी पडली होती आणि त्यांच्यामागे लोहगड ऊन खात बसला होता. दृश्य सुंदर होतं, पण बादलीची कडी बोटांत रुतत असताना माणूस दृश्यं कितीशी बघणार? देसाई काकांनी फक्त फलक घेतला होता, त्यामुळे निसर्गाचं वर्णन त्यांनीच केलं.

शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची. आम्हाला पाहताच मुलं बाहेर आली आणि कुणी न सांगता उंचीप्रमाणे उभी राहिली. तिसरीतल्या कोमल नावाच्या मुलीने पुढे होऊन विचारलं, "काका, फटू आधी का वाटप आधी?"

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आम्ही काही पहिले नव्हतो. लोणावळ्याला येणाऱ्या प्रत्येक चांगल्या माणसाला वाटेत ही शाळा लागते. ओट्यावर पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती, पण नळ नव्हता. पोषण आहार शिजवणाऱ्या पार्वतीमावशींनी त्यांत डाळ भरून ठेवली होती. "उंदीर लागत न्हाई," त्या म्हणाल्या. भिंतींवर मोराच्या अंगावर डॉल्फिन होता. खिडक्यांना रंगाचे इतके हात बसले होते की त्या उघडत नव्हत्या. शिक्षकांच्या जागा दोन होत्या आणि शिक्षक एक. दुसरा शिक्षक मात्र अजून कुणी दान केला नव्हता.

त्या एकट्या शिक्षिका म्हणजे लोणावळ्याहून स्कूटरवर येणाऱ्या मुलाणी बाई. त्यांनी आम्हाला वर्गात नेलं. समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत एक पिवळाधमक जिराफ उभा होता.

"इथे फळा होता," बाई म्हणाल्या. "मागच्या रविवारी एक मंडळी रंगवून गेली. काळी जागा त्यांना वाया गेल्यासारखी वाटली."

"पण जिराफ झकास आलाय," देसाई काका म्हणाले.

"आलाय. त्याच्यावर खडू उठत नाही."

सोमवारी तालुक्याहून साहेब येणार होते. मुलांना वाचता येतं का, फळ्यावर लिहिता येतं का, ते पाहणार होते. पट कमी झालेला. त्यात मुलं मागे दिसली तर ही शाळा रुळांपलीकडच्या शाळेत मिसळून टाकायची, असं चाललं होतं.

"बारकी पोरं रूळ वलांडून जायची न्हाईत," पार्वतीमावशी म्हणाल्या. "घरीच बसत्याल."

बाईंनी आमच्या बादल्यांत डोकावून पाहिलं. पिस्ता, गुलाबी, आकाशी, पिवळा. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

मग मी बाईंच्या स्कूटरवर मागे बसून लोणावळ्याला गेले. सगळ्या मोटारी चिक्कीसाठी थांबलेल्या, त्यांच्यामधून बाई अशा काही शिरत होत्या की मी डोळे मिटूनच घेतले. रंगाच्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीचा एक डबा काढला. "बंगलेवाले सात तऱ्हेचा पांढरा मागतात," तो म्हणाला. "फळ्याचा काळा मागणाऱ्या तुम्हीच."

परत आलो तर नवाच पेच. मुलं भिंतीला पाठ लावून उभी.

"त्येला पुसू नका," कोमल म्हणाली. "त्ये लंबूआबा हायेत. आमी नाव ठिवलंय."

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं ते असं: फळ्यापुरती मान जाईल, वरचं डोकं आणि खालचं धड राहील. देसाई काकांनी पॉलिश पेपरने मान घासली आणि काळ्या रंगाचा हात दिला. त्या दोन तासांत ते एकदाही निसर्गाबद्दल बोलले नाहीत. मग मटकीची आमटी आणि इंद्रायणी भात. मी दोनदा वाढून घेतला.

फलक लावून फोटो निघाला. त्यात जिराफाचं डोकं नेमकं देसाई काकांच्या टकलातून उगवलंय. त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही आणि सोसायटीत कुणी सांगतही नाही.

पिस्ता नखं घेऊन घरी आले. सोमवारभर माझं कशात लक्ष नव्हतं. आपण इतकी माणसं इतक्या चांगुलपणाने त्या पोरांचा फळाच बुजवून बसलो, हे काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी मुलाणी बाईंचा फोन आला. साहेबांनी कोमलला फळ्यावर मनाने काहीही लिहायला सांगितलं होतं. तिने लिहिलं:

"या फळ्याच्या आत लंबूआबांची मान आहे. त्यांना अंधारात एकटं वाटू नये म्हणून आम्ही रोज इथे लिहिणार आहोत."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, शाळा यंदा इथेच राहू दे. जाताना त्यांनी फळा पुसू दिला नाही.