दुपट्टा कोणाच्या गळ्यात?

दर्यापूरहून दादाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. "काकाजी गेले वं..." एवढंच बोलला. मळ्यातून आले, खाटेवर टेकले, काकूला चहा मांड म्हणाले, अन् चहा व्हायच्या आत संपलं. मेथी त्यांच्याच मळ्यातली. आदल्या दिवशी बसस्टँडवर मला सोडायला आले तेव्हा पिशवीत कोंबली होती. बस सुटेस्तोवर त्यांचा विषय एकच... "सुट्ट्याईत पोरायले घेऊन जासान, तं दुपट्टा इसरू नका."

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. परतवाड्याच्या रस्त्यावर एक स्विमिंग पूलवालं फार्महाऊस आहे, तिथे आमचा सारा गोतावळा गेला होता. आम्ही काळ्या मातीतली माणसं. विहिरीजवळ लेकरू फिरकलं तरी आमच्या बाया किंचाळतात, पण त्या निळ्या फरशीच्या पाण्याची एकीलाही भीती वाटली नाही. उलट कौतुक! पुरुष गोवऱ्यांवर रोडगे भाजण्यात, बाया वांग्याच्या भाजीपाशी, उरलेले फोटोंत. दादाची ओवी तीन वर्षांची, कमरेला फुगवलेलं बदक. बदक तरंगत राहिलं अन् ती खालून सटकली. ना हाक, ना आवाज. हात धुवायला निघालेल्या काकाजींना रिकामं बदक दिसलं. त्यांना पोहता येत नव्हतं. धोतरासकट उतरले, छातीभर पाण्यात चाचपडत तिला वर काढलं. ओवी खोकली, ओकली, मग रडली. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली.

घरी आल्यावर काकाजींनी अंगणात सगळ्यांना बसवलं. "पोरीकडे कोन पाहून रायलं होतं?" दादाला वाटलं वहिनी, वहिनीला वाटलं मी, मला वाटलं एवढी माणसं आहेत, कोणीतरी असेलच. "बारभाईची शेती, काय लागेल हाती!" काकाजी कडाडले. मळ्यात रानडुकरांसाठी रात्रभर जागल असते. पुढच्याच्या हातात काठी दिल्याशिवाय अन् 'आता मी' हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय जागलीवरचा माणूस जागा सोडत नाही. "डुकरासाठी एवढं करता, मंग लेकरासाठी काहून नाई?" खांद्यावरचा लाल काठाचा दुपट्टा त्यांनी मध्ये ठेवला. ज्याच्या गळ्यात दुपट्टा, त्यानं फक्त पाणी पाहायचं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, रोडगेही नाहीत. बारकं लेकरू पाण्यात असलं तर आपणही पाण्यात, हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर. उठायचं असलं तर दुपट्टा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा अन् त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "आता मी."

त्यानंतर दर उन्हाळ्यात दुपट्टा आमच्यासोबत. आमच्या ह्यांना भारी मजा वाटायची. "काकाजी, शिट्टी पण घ्या," म्हणायचे. एकदा दुपट्टा गळ्यात असताना दादानं फोन उचलला, तर जावयांसमोर काकाजींनी त्याची अशी खरडपट्टी काढली म्हणता! "लेकरू बुडते तवा बोंबलत नाई. चुपचाप जाते. फुग्याच्या भरोशावर रायसीन तं पस्तावसीन." मलाही वाटायचं, काय हा माणूस, सुट्टीत घास गोड लागू देत नाही. पण ते रिकामं बदक त्यांच्या डोळ्यांपुढून हललंच नव्हतं. काकू सांगायची, झोपेतून दचकून उठतात अन् ओवी कुठं आहे विचारतात.

तेरवी झाली, महिना गेला. काकूच म्हणाली, "जा, लेकरायचं मन नोका मारू." गेलो, त्याच फार्महाऊसवर. दुपट्टा आठवणीनं नेला. पाण्याच्या काठाशी काकाजी बसायचे ती प्लास्टिकची खुर्ची तिथेच होती. दादानं तिच्या पाठीवर दुपट्टा पांघरला, वहिनीनं मोगऱ्याचा गजरा ठेवला. सगळ्यांनी हात जोडले. डोळे भरून आले, अन् खरं सांगते, फार बरं वाटलं, काकाजी बसलेत असंच वाटलं. मग एकेक जण रोडग्यांकडे वळला. मीही.

तेवढ्यात मागून ओवी आली. आठ वर्षांची आहे आता. माझा पदर ओढला. "आत्या, दुपट्टा तं खुर्चीवर हाये. मंग रुद्रकडे कोन पाहून रायलं?"

रुद्र तिचा धाकटा भाऊ. पूलच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता, पाणी पोटापर्यंत, पुढच्या पायरीसाठी पाय उचललेला...

कशी धावले मला माहीत नाही. साडीसकट उतरले, दंडाला धरून त्याला उचललं. तो वैतागून माझ्या गालावर चापट्या मारत होता. मार बाबा, म्हटलं. सगळ्या घराला ज्यानं धाकात ठेवलं, त्याला गजरा वाहून आम्ही महिन्याभरात त्याच जागी येऊन उभे राहिलो होतो.

रुद्रला कडेवर घेऊनच खुर्चीपाशी गेले, गजरा काढून बाजूला ठेवला. दुपट्ट्याला अजून त्यांच्या तंबाखूचा वास होता. दादा धावत आला. मी दुपट्टा गळ्यात घातला, रुद्रला पहिल्या पायरीवर उभं केलं, पाय पाण्यात सोडून त्याच्याजवळ बसले, अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आता मी."