उजव्या हाताची नखे

उजव्या हाताच्या चार नखांना एवढे जपणारा माणूस साऱ्या वसईत दुसरा झाला नाही, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. हे गृहस्थ गिटार वाजवीत. गायक नाही, साथ नाही, एकटी गिटार. त्या वादनात तारा नखांनी छेडतात. म्हणून वटार गावच्या वाडीतली केळी यांची, पण कुदळ बहिणीच्या हातात. जेवताना कोळंबीही तीच सोलून देई. लग्नात नवरदेवाशीसुद्धा हे डावा हात मिळवीत. एकदा खुद्द फादरांपुढे डावा हात करून म्हणाले, "उजव्यानं वाजवायचंय, फादर." नखे घासण्याचा काचकागद रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही खिशात असे. मी चिडून बहिणीला विचारले, "नवरा केलास की मांजर पाळलंस?" ती हसली. "मांजर निदान उंदीर तरी मारतं, दादा. पण एकदा डोळे मिटून ऐक त्यांना." मी कधी ऐकले नाही.

मग तिला अर्धांगवायू झाला. आठवड्याने भेटायला गेलो, तर यांची नखे मुळापर्यंत कापलेली. "आंघोळ घालताना तिच्या पाठीवर ओरखडा उठला," एवढेच म्हणाले. पुढची सात वर्षे हे लग्नाच्या बँडमध्ये गायकांच्या मागे उभे राहून प्लास्टिकच्या पट्टीने वाजवीत राहिले. त्याला नखे लागत नाहीत. लोक म्हणाले, हात संपला. मीही म्हणालो.

गेल्या वर्षी बहीण गेली. काही महिन्यांतच चर्चच्या हॉलमध्ये यांचे एकट्याचे वादन ठरल्याचे कळले, आणि माझे डोके फिरले. तिच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती. वादनाआधी मी त्यांना दारातच गाठले.

"वाढली का नखं?"

"वाढली, दादा." ते हाताकडे पाहत राहिले. "दर शनिवारी कापायची सवय लागलेली. ती गेल्यावरही दोनदा कापून बसलो. मग आठवलं, आता कोणाला लागणार?"

मी बरेच काही बोलायचे ठरवून गेलो होतो. मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि डोळे मिटले. वादन कसे झाले ते मला सांगता येणार नाही. त्यातले मला कळत नाही. बोटे एक-दोनदा अडखळली, एवढे कळले. हॉल रिकामा होईपर्यंत मी उठलो नाही.

निघताना त्यांनी हात पुढे केला. चाळीस वर्षांत प्रथमच, उजवा.

मी तो जपून धरला.