मोहगावची राजदूत

संत्र्याच्या झाडाखाली पानं केव्हा साचतात ते कळत नाही. झाडायला गेलं की कळते, अरे, एवढी! ताईचे किस्से तसेच आहेत. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. मोहगावची पोरगी, विदेश सेवेत लागली, आता एका लांबच्या बर्फाच्या देशात तिला राजदूत नेमलं आहे. तेव्हापासून ओसरीवर रोज कोणी ना कोणी येते. सासूबाई प्रत्येकाला म्हणतात, "ये. बस." तो बसतो, अन् उठताना एक किस्सा ठेवून जातो.

मी ऐकते, पण अर्धं ध्यान माझ्या चिऊकडे. तीन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. नागपूरला कान तपासले, चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले, "वाट पाहा." सांगायला काय जाते!

*

नेमणुकीची खबर ऐकून शेजारचे गुलाबकाका आले. हळूच म्हणाले, "वयनी, इतकी शिकलेली पोरगी, अन् इतक्या दूर फेकली? कोणाशी बोलून पाहा ना! बदली आपल्या जिल्ह्यात, छिंदवाड्यातच करून घेऊ!"

सासूबाईंनी फोनवर खरंच विचारलं. ताई हसून हसून बेजार! "आई, छिंदवाडा आपल्याच देशात हाये ना वं!"

"तं मंग? घरच्या माणसाशी बोलाले बी कोणी लागतेच ना!"

*

लहानपणी ताई मामाकडे तिगावला जायची. दिवसभर स्टेशनवर बसून, न थांबणाऱ्या गाड्यांना हात हलवायची. गाडी गेली तरी हात वरच. मामा म्हणायचे, "कोणाले टाटा करून राहिली वं? ओळखीचं हाये का कोणी?"

"आता होईन ना!"

*

परदेशात पहिल्या पोस्टिंगला ताईला रोडग्यांची आठवण आली. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. सासूबाई तिच्याकडे निघाल्या त्या लुगड्यात गोवऱ्या गुंडाळूनच! तिथल्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बॅग उघडली. एक गोवरी उचलली, वास घेतला. घ्यायला आलेली ताई लाल होऊन इंग्रजीत समजावून राहिली. सासूबाईंना वाटलं, साहेबाला मालाची शंका आहे.

"त्याले सांग, कडक उन्हात वाळवल्या. ओली एकबी नाही!"

साहेबाने सगळ्या ठेवून घेतल्या. सासूबाई आजही म्हणतात, "केले असतीन त्यानं रोडगे!"

*

मागच्या सुट्टीत ताई आली, तेव्हा बागेच्या पाण्याच्या पाळीवरून गुलाबकाकांचं अन् आमच्या ह्यांचं बोलणं बंद होतं. ताईने दोघांना भज्यांवर बोलावलं. दोघं तोंड फिरवून बसले. ताई एक शब्द बोलली नाही. नुसती भजी खात राहिली. ताट अर्धं झालं तसा काकांना राहवलं नाही. "अरे, बोल ना पटकन! ही सगळी संपवून राहिली!"

भांडण तिथेच संपलं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर काहीच बोलल्या नाही!"

"आमच्यात अर्धं काम चूप राहण्याचंच असते. तुह्यी चिऊ पाहा, अर्धी राजदूत झालीच हाये!"

सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

*

राजदूत म्हणून ताई निघाली त्या सकाळी बाग फुलली होती. दाट धुकं, त्यात फुलांचा वास. वाटे, बर्फाचा देश आपल्याच फाटकापर्यंत आला आहे. काकांनी विचारलं, "तिथं पयलं काम काय?"

"तिथल्या राष्ट्रपतीच्या हातात आपल्या राष्ट्रपतीचं पत्र द्याचं. तोवर राजदूत पक्का नाही."

"मंग करून दाखव!"

राष्ट्रपती कोण? सासूबाई शिदोरी बांधण्यात. ह्यांनी चिऊला उचलून खुर्चीवर बसवलं. काकांनी तोंडाने बँड सुरू केला. धुक्यातून ताई आली, रेशमी साडीत, ताठ, हळूहळू. पत्राच्या जागी ओंजळीत एक संत्रं. केसांवर दोन पाकळ्या. वाकून तिने संत्रं पुढे केलं. चिऊने दोन्ही हातांनी घेतलं.

"आता?" काका म्हणाले.

"आता राष्ट्रपती दोन शब्द बोलतात," ताई बोलून गेली. मग तिने माझ्याकडे पाहिलं अन् जीभ चावली. काकांचा बँड थांबला. मी पदर तोंडात धरला. बाहेर नागपूरला नेणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला.

चिऊने संत्रं मांडीवर ठेवलं. वर पाहिलं.

"ये. बस."

अन् आमच्या देशाची राजदूत रेशमी साडीनिशी अंगणातल्या मातीत खाली बसली. गाडीवाला हॉर्न वाजवून राहिला होता.