पुसलेली वाळू

डोळे अधू झाले म्हणून गमनाभाने पावलं वाचायचं सोडलं, असं आमच्या ढाणीत, म्हणजे वस्तीवर, सांगतात. साफ खोटं आहे. गमनाभाला आजही अंगणाच्या टोकाची मुंगी दिसते. खरं कारण तिघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक मी, आणि ते आठवलं की माझीच मान खाली जाते.

आम्ही राईका, उंटांची माणसं. उंट डोंगरात मोकळे सोडायचे आणि लागतील तेव्हा पावलांवरून हुडकून आणायचे, ही आमची रीत. पावलं थोडीफार सगळ्यांनाच येतात, पण माझ्या या चुलतभावाची गोष्टच वेगळी होती. एकदा नुसती वाळू बघून तो मला म्हणाला, "पिरा, तुझी बायको विहिरीवर गेली ती तुझ्यावर चिडून गेली. टाच बघ कशी आपटलीय." खरंच होतं ते. तीन गावांतून त्याला बोलावणी यायची आणि त्याचा त्याला ताठाही होता. मुलगा नाही, म्हणून ही विद्या त्याने लेकीला, हंजाला दिली.

"पोरीच्या जातीला काय करायचीत पावलं?" लोक विचारायचे.

"नवरा कुठं कुठं जाऊन आला ते तरी कळेल," गमनाभा म्हणायचा.

हंजाला वेलारामाच्या घरी सून म्हणून दिली. सोबत धोळी नावाची पांढुरकी सांडणी दिली. लेकीला दिलेली सांडणी आणि तिची पिल्लं लेकीचीच राहतात, मांडीवर डाग मात्र सासऱ्याचा बसतो. सगळं नीट चाललं होतं. मग वेलारामाच्या बापाचं बारावं आलं. अशा वेळी घरधनी तळहातात अफूचं पाणी धरतो आणि पाहुण्याने ते त्याच हातातून प्यायचं असतं, मानाप्रमाणे. वेलारामाचा हात गमनाभाच्या तोंडापुढून सरकला आणि शेजारच्या एका कोवळ्या मिसरुडवाल्याकडे गेला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. गमनाभा न जेवता उठला. पुढे दीड वर्ष त्याने व्याह्याचं तोंड पाहिलं नाही आणि त्या रागापायी लेकीलाही भेटला नाही.

त्या जेठात आमचा एक नर चुकला होता. त्याला हुडकत आम्ही दोघं डोंगराखालच्या कोरड्या नाळेत उतरलो. तिथे एक तरणी सांडणी कुशीवर पडली होती. पुढच्या पायांचं दावं एका मुळात अडकलं होतं आणि डोकं उताराकडे गेलं होतं. अशी पडलेली सांडणी आपली आपण उठत नाही. पोट फुगतं, श्वास कोंडतो आणि ती मरते. दावं कापून दोघांनी जोर लावला आणि छातीवर बसवली, की घटकाभरात उभी राहते. हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पडलेलं जनावर आधी उठवायचं, मालकाचं नाव मग विचारायचं, हेही सांगेल.

गमनाभाने आधी मांडी बघितली. वेलारामाचा डाग.

"व्याह्याचा माल आहे," तो म्हणाला. "व्याही बघून घेईल."

"भा, जिवंत आहे ती. दोघं आहोत, पलटवू या."

"तुला त्याच्या हातची अफू मिळाली होती ना? मग तू पलटव."

एकट्याचं ते काम नव्हतं आणि माझ्या मनाने तेवढंच निमित्त धरलं. खरं सांगतो, मी तिचं तोंड बघितलं होतं. वरचा ओठ हुबेहूब धोळीचा. ही हंजाचीच, हे मला कळलं होतं. पण थोरल्याच्या रागापुढे कोण बोलणार, म्हणून मी गप्प बसलो. तिने मान उचलली, आमच्याकडे बघून घोगरं ओरडली, आणि आम्ही पाठ फिरवून चालू लागलो. थू माझ्या जिण्यावर.

चौथ्या दिवशी वेलारामाचा माणूस आला. सांडणी मेली होती. जागेवरची माती पुसलेली होती, कुणाचा तरी हात असणार. व्याह्यांनी येऊन पावलं वाचावीत, असा निरोप होता. नाही म्हणणार कसं? आम्ही दोघंही गेलो.

नाळेच्या काठावर वेलाराम आणि चारपाच माणसं बसली होती. आम्हाला बघताच वेलाराम उठला. त्याने तळहातात अफू धरली आणि सगळ्यांच्या आधी गमनाभापुढे केली.

"बापाच्या दुःखात त्या दिवशी माझा हात चुकला, व्याही. दीड वर्ष जिवाला खातंय. घ्या."

गमनाभा वाकला आणि त्याच्या हातातून प्यायला. मग तो एकटाच खाली उतरला. मी वरूनच बघत होतो. आमची पावलं होती ती सगळी जागा सारवल्यासारखी झाली होती. गमनाभा तिथे उकिडवा बसला. कडेला ओढणीच्या गोंड्यांच्या बारीक रेघा होत्या आणि एका गुडघ्याचा ठसा. कुणाचा, ते मलाही वरून ओळखू आलं, मग त्याला येणार नाही होय? पोरीने सासऱ्याच्या आधी येऊन बापाची पावलं पुसली होती.

"कोण होतं, व्याही?" वेलारामाने वरून विचारलं.

आता कबूल करायचीही सोय उरली नव्हती. स्वतःचं नाव घ्यावं, तर कोणी पुसलं हा पुढचा प्रश्न, आणि हंजाने सासरच्यांपासून लपवलं हे उघडं पडणार. तिला त्या घरात जन्म काढायचा होता.

"कुणी नाही," गमनाभा म्हणाला. "वावटळ आहे."

"एवढ्याच तुकड्यावर?"

"वावटळच आहे."

त्याचा शब्द तीन गावांत चालायचा. वेलारामाने मान डोलावली, वर म्हणाला, "तुम्ही सांगितलंत, मन हलकं झालं. उगाच कुणावर आळ आला असता." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परत निघताना वेलारामाच्या ढाणीच्या कुंपणापाशी हंजा पाण्याचा लोटा घेऊन उभी होती. दीड वर्षाने बाप दिसला होता, पण ती रडली नाही. मला म्हणाली, "काका, पाणी घ्या." तेवढंच. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

गमनाभाने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "हंजा," तो म्हणाला, "तू कशाला गं पुसलंस?"

"तुमची पावलं पुसली, बा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही गेल्यावर दोन दिवस जगली ती. मान घासत घासत तुम्ही गेलात त्या वाटेकडे वळली होती. ती रेघ तेवढी मला पुसवली नाही."