कोरे पुठ्ठे

माझं काम सांगायला मला लाज वाटत नाही, पण सांगून कुणाला पटत नाही. डीएनएचा जो भाग प्रथिनं बनवत नाही, तो मग कशासाठी आहे, हे मी कॉम्प्युटरवर शोधते. शेळी, मेंढी आणि गाय यांचा डीएनए शेजारी शेजारी मांडायचा आणि लाखो वर्षांत जो रिकामा वाटणारा भाग तिघींत जवळपास तसाच टिकलाय, तो हुडकायचा. टिकलाय म्हणजे कामाचा असणार. शास्त्रज्ञच त्याला कित्येक वर्षं कचरा म्हणत होते, तर सोलापुरात यंत्रमाग चालवणाऱ्या माझ्या वडिलांनी का म्हणू नये? त्यांचा एकच प्रश्न असायचा, "रिकाम्या जागेत काय हुडकतीस?"

त्या दिवशी ते सकाळीच कुर्डुवाडीला आत्याकडे गेले. मागावरच्या पुठ्ठ्यांच्या माळेची दोरी उंदरानं कुरतडली होती आणि सगळे पुठ्ठे सुटे झाले होते. ते ओवायचं काम माझ्याकडे आलं. चादरीवरची नक्षी या पुठ्ठ्यांच्या भोकांवर ठरते. एक पुठ्ठा, एक ओळ. नवा नमुना मोरांचा होता. संध्याकाळी व्यापारी तो बघायला येणार होता. त्याला पसंत पडला नाही, तर घरातला हा शेवटचा मागही भंगारात जाणार होता.

मी नंबर बघून पुठ्ठे ओवले. शेवटी बारा उरले, ना नक्षीचं भोक, ना नंबर. जादाचे असतील, असं ठरवून मी ते वर नेले आणि तीन दिवस प्रोग्रॅम चालून तापलेल्या लॅपटॉपखाली दोन्ही बाजूंना सहा-सहा लावले. खालून मस्त हवा खेळायला लागली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झाले.

दुपारी वडील आले, त्यांनी माग सुरू केला आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. आमच्या घरात तेलुगू बोलतात. पण वडील रागावले की मराठीत बोलतात, सगळ्या गल्लीला कळावं म्हणून. हाक मराठीत होती.

चादरीवर प्रत्येक मोर खालच्या मोराच्या डोक्यावर पाय देऊन उभा होता. नुसती सर्कस.

"मधली जागा कुटं गेली?"

"ते पुठ्ठे कोरेच होते. काही करत नव्हते."

बोलून गेले आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी म्हणाले, "मग नंबर का नाही घातले?"

"कोऱ्याला कशाला नंबर? कुटं बसतंय ते मला ठाव हाय की!"

ते तडक वर आले. आता लॅपटॉप बंद करणार, तीन दिवसांचं काम पाण्यात, म्हणून मी मागोमाग धावले. त्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद उचलून धरला. "काढ पुठ्ठे. हे चालू ऱ्हाऊ दे." मला रडूच आलं. मग खाली बसून आम्ही दोघांनी माळ पुन्हा ओवली.

व्यापाऱ्याला नमुना पसंत पडला. निघताना त्याचं लक्ष बिघडलेल्या चादरीकडे गेलं. "आणि ही?"

"ती विकायची न्हाय," वडील म्हणाले, मराठीतच, पण अगदी शांतपणे. "आमची पोरगी रिकाम्या जागेवर पीएचडी करतीय. ती जागा काढली की काय होतंय, ते बघा ह्यात."

तीन वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात कुणाला सांगता आलं नव्हतं.