साडी वाळत घालायला लागतो तेवढा वेळ

राजेशला आमच्या चाळीतली माणसं लाथांनी मारत होती तेव्हाही त्याने हातातलं पार्सल सोडलं नव्हतं. आत कुणीतरी मागवलेला कुकर होता. "डिलिव्हरी आहे, दादा, डिलिव्हरी आहे," असं तो म्हणत राहिला, मग नुसताच आवाज यायला लागला. चाळ समितीचे सेक्रेटरी माधवराव, ज्यांच्या घरी मी दर गणपतीला हळदीकुंकवाला जाते, ते हातातल्या नळाच्या पाइपने त्याच्या पाठीवर मारत होते. बुटाखाली दात मोडल्याचा आवाज मी जिन्यावरून ऐकला. माझी मुलगी रुपाली माझ्या पुढे दोन पायऱ्या उभी होती. ती तिथेच कठड्याला धरून ओकली.

कारण घंटा तिच्या मशीनने वाजवली होती.

आमची चाळ परळला. मालकाला ती पाडून टॉवर बांधायचाय. अर्ध्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या आणि गेली. राहिलेल्यांना घालवायला माणसं यायला लागली. आधी त्यांनी पाण्याची टाकी फोडली. मग मीटरच्या पेटीला आग लावली. माधवरावांना भरदुपारी रस्त्यात गाठून गुडघा मोडला. पोलीस म्हणाले, पुरावा आणा. म्हणून दारावर कॅमेरा लागला आणि त्याचं सगळं रुपालीकडे आलं.

रुपाली लहानपणापासून अबोल. आवाज तिला सोसत नाही. मिक्सर लावला की गॅलरीत जाऊन उभी राहायची. तिचे वडील गेले त्या वर्षी ती इंजिनिअरिंगला होती. तेव्हापासून ती दिवसा गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीतल्या एका कंपनीचं काम करते, हल्ली बहुतेक घरूनच, आणि उरलेल्या वेळात एक काम फुकट करते. युनिक्ससारखी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, जगभरातली थोडी माणसं मिळून ती चालवतात. नेटवर्कची वायर कॉम्प्युटरमधल्या ज्या कार्डात बसते, त्या कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. एका जुन्या कार्डाचा ड्रायव्हर रुपाली लिहिते. ती कार्डं ऑफिसने भंगारात काढली होती, पिशवी भरून तिने घरी आणली. बनवणाऱ्या कंपनीने त्याची माहिती कधी दिलीच नाही. महिनोन् महिने कार्ड अडकायचं, मशीन कोसळायचं, आणि ही न जेवता पुन्हा सुरू करायची. "कळत नाही म्हणजे काय, ते काहीतरी सांगतंय, मलाच ऐकू येत नाहीये," असं म्हणायची.

तर दारावरच्या कॅमेऱ्याची वायर सरळ आमच्या खोलीतल्या मशीनच्या त्या कार्डात आली. येणारे गुंड आधी वायर कापणार हे उघड होतं. रुपालीने त्याचाच उपयोग केला. वायर सुटली की कार्डाला क्षणात कळतं, कार्ड ड्रायव्हरला सांगतं, आणि मशीन गच्चीवरची गणपती मंडळाची घंटा वाजवतं. घंटा वाजली की पुरुषांनी हातात येईल ते घेऊन खाली धावायचं. माधवरावांनी रुपालीच्या पाठीवर थाप मारली होती. म्हणाले, "पोरी, तू चाळीला कान दिलेस."

एवढंच की ती वायर गॅलरीतून, कपड्यांच्या दांडीला बांधून वर आली होती. भिंतीला भोक पाडलं तर मालक पोलिसात जाईल अशी नोटीस होती. पहिल्या मजल्यावरच्या कमलाबाईंनी ओली नऊवारी दांडीवर टाकली, दांडी वाकली, वायरचा सांधा जरासा निसटला आणि पुन्हा बसला. तेवढ्यात घंटा वाजून गेली. आणि राजेश कुकर घेऊन दारात उभा होता.

राजेशचा जबडा तारेने शिवला. चाळीने वर्गणी काढली, माधवराव हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याच्या बायकोच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले.

"साड्या दुसरीकडे वाळत घालायला सांगा ना," मी म्हटलं.

"कुठे घालू? तुमच्या कॉम्प्युटरवर?" कमलाबाई म्हणाल्या. 

मग रुपाली त्यांच्या शेजारी फोनवर घड्याळ लावून उभी राहिली. कमलाबाईंनी साडी पिळली, झटकली, दांडीवर टाकून काठ सरळ केले. "माझा फोटो काढतेस का गो?" त्यांनी विचारलं. "नाही काकू, तुमचा वेळ मोजतेय." तेवढा वेळ तिने ड्रायव्हरमध्ये घातला. वायर सुटली तरी ड्रायव्हरने एक साडी वाळत घालण्याइतकं थांबायचं, आणि तरीही वायर सुटलेलीच असेल तर सांगायचं.

तिचं काम तपासणारा एक माणूस आहे, कुठल्यातरी थंड देशात. हा बदल त्याने घेतला नाही. त्याने लिहिलं होतं की वायर सुटली हे ड्रायव्हरने लगेच सांगायला हवं. त्यावर थांबायचं की धावायचं हे ठरवणं त्याचं काम नाही, ते वर, ड्रायव्हर ज्याला सांगतो त्याने ठरवावं. रुपालीने मला वाचून दाखवलं आणि हसली. "याच्या गॅलरीत बर्फ वाळत असेल, आई." आणि आमच्या मशीनवर तो थांबा तिने तसाच ठेवला. घंटा गप्प झाली. चाळ सुखाने झोपायला लागली. मीही.

तळमजल्यावर दाराला लागून गुणाजी राहायचे. गिरणीत जन्म गेला, बायको गेली, सही करायला साफ नकार. दुपारी जिन्याखालच्या बाकावर आडवे व्हायचे. एका दुपारी तिघे आले. त्यांनी वायर कापली आणि लोखंडी सळ्यांनी गुणाजींना मारायला सुरुवात केली. तोंडात आधी फडका कोंबला होता. पहिल्या फटक्यात हात मोडला, तो गुणाजींनी चेहऱ्यावर धरला होता. मग चेहरा. घंटा वाजली तेव्हा तिघे दाराबाहेर पडत होते. साडीचे काठ सरळ करून होतात तेवढ्या वेळात एका म्हाताऱ्याचा डावा डोळा जातो, तीन बरगड्या आत घुसतात आणि भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत रक्त उडतं. ते मी पुसलंय, म्हणून मला माहीत आहे.

हॉस्पिटलमध्ये गुणाजींनी उरलेला डोळा उघडला. "रुपल्या, तुझा मशीन निजला होता काय गो?"

रुपाली म्हणाली, "मीच त्याला थांबायला सांगितलं होतं, आजोबा."

"मगे आता उठव त्याका," ते म्हणाले आणि डोळा मिटला.

घरी येऊन तिने तो थांबा काढून टाकला. मला हायसं वाटलं नाही. "पुन्हा राजेश होईल," मी म्हटलं.

"नाही होणार. त्या माणसाचं बरोबर होतं. ड्रायव्हरने जे दिसतं ते लगेच सांगायचं. थांबायचं ते वर." तिने बोट छातीवर ठेवलं. "वर म्हणजे मी."

तिने जिन्याच्या तळाशी सरकत्या जाळीचं चॅनल गेट बसवायला लावलं. घंटा वाजली की ती एकटी खाली जाणार, बाहेरून गेट ओढून घेणार, मी आतून कुलूप लावणार. चाळ गेटच्या आत थांबणार. तिने पाहून "उघड" म्हटलं तरच किल्ली फिरवायची.

"वेडी आहेस का?" माधवराव म्हणाले. "त्यांच्याकडे सळ्या असतात."

"आपल्याकडेही पाइप असतो, काका," ती म्हणाली. 

मी तिला म्हटलं, डोंबिवलीला मामाकडे जाऊ. रडले, जेवण सोडलं. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि किल्ली ताटाशेजारी.

गेल्या महिन्यात घंटा वाजली. मी कुलूप लावलं. जाळीतून मला सगळं दिसत होतं. दोघे होते, एकाच्या हातात वायर कापायची पक्कड, दुसऱ्याकडे सळी. माझ्या मागे तीस माणसं गेटवर ढकलत होती, माझी छाती लोखंडावर दाबली जात होती. "उघडा, काकू, पोरगी मरेल." रुपाली हात वर करून म्हणाली, "कॅमेऱ्यात चेहरे आलेत. जा." सळी खाली आली. तिच्या उजव्या मनगटाचा सांधा मोडला तो आवाज मी ओळखला, ओली फांदी मोडावी तसा. तेव्हा ती म्हणाली, "आई, उघड." चहा टाक म्हणावं तशी.

एक पळाला. सळीवाल्याला आमच्या लोकांनी जमिनीवर आदळलं, माधवरावांचा पाइप वर गेला. रुपाली लोंबणाऱ्या हातासकट त्याच्या अंगावर आडवी झाली. "बस. बांधा याला." पाइप वरच राहिला.  मग त्यांनी तो खाली टाकला आणि कमलाबाईंच्या जुन्या साडीने त्या माणसाचे हात बांधले.

प्लॅस्टर अजून निघालेलं नाही. डाव्या हाताने ती एकेक अक्षर टाइप करते. थांबा काढून लिहिलेला ड्रायव्हर त्या थंड देशातल्या माणसाने घेतला. का काढलास असं त्याने विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही.

आज दुपारी घंटा वाजली. ती उठली, प्लॅस्टरचा हात गळ्यात. मी म्हटलं, आज मी जाते. तिने पायात चपला घातल्या. मी गेटला कुलूप लावलं, मागे माणसं जमली, कुणाच्या हातात वरवंटा, कुणाच्या हातात बॅट. ती दाराबाहेर गेली, रस्ता पाहिला, वर गॅलरीकडे पाहिलं.

"साडी आहे," ती म्हणाली. "उघड."

मागची माणसं पाय ओढत वर गेली. किल्ली मात्र माझ्या हातून कुलपात शिरत नव्हती.  ती जाळीपलीकडे उभी राहिली, मला घाई न करता.