मोठा पंजा, लहान पंजा

सतरा वर्षं फौजेत नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. शेवटची पोस्टिंग माझी मीच काढली: सेनगाव तालुका, माळाच्या कडेचं सहा एकर रान. साडेपाचला उठायचं, चहा घ्यायचा अन् बांधावर गस्त घालायची. सायाळ आली, कोल्हा आला, रोही तुरीत घुसलं, सगळं मातीत दिसतं. बायको म्हणते, "माणसं इसरता, जनावरांचे पाय मात्र बराबर ध्यानात राहतात." खरं आहे. मजेत होतो.

कापूस वेचणीत एके सकाळी शेजारचा किसन पळत आला. "फौजीदादा, नाल्यात बिबट्याची मादी! संगं पिल्लू बी हाय. मोठे पंजे, बारके पंजे, दोन्ही!"

वेचणाऱ्या बायांची मुकादम शांताबाई. तिनं सरळ सांगितलं, "लेकरावाली मादी म्हंजे मरण. आमी न्हाई येत."

किसनचा कापूस बोंडातून लोंबत होता. त्यानं मेलेलं बकरं आणलं अन् त्यात विषारी औषध भरलं. नाल्यात ठेवणार होता.

मी ठसे पाहून आलो. अंदाज आला, पण कोरड्या रेतीत ठसे पसरट झाले होते. पुरावा नव्हता.

"किसन, उद्या सकाळपर्यंत थांब."

"काहून?"

"ऑर्डर समज."

"सकाळपर्यंतच. मंग न्हाई ऐकणार."

संध्याकाळी सहाला बाभळीची फांदी ओढून नाल्याजवळची गाडीवाट सपाट केली. बॉर्डरवर असंच करायचो. झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू? माझं चुकलं असतं तर बायांच्या जिवाशी खेळ होता.

सकाळी सहा दहाला वाटेवर ताजे ठसे होते. दोघांना बोलावलं.

"बघा. मोठा, बारका, मोठा, बारका. पिल्लू असतं तर इकडंतिकडं हुंदडलं असतं. हे तर परेडमध्ये चाललंय."

शांताबाई वाकली. "मंग?"

"एकच जनावर. पुढचे पाय मोठे, मागचे बारके. पंज्यापुढं नखं बी उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. हे तरस हाय. मेलेलं ढोर खातं, माणसाला पाहून पळतं."

किसननं कपाळाला हात लावला. "आरारा! गावाची घाण काढणारंच मारून राहिलो होतो की!"

त्यानं बकरं खोल पुरलं. नऊ वाजता बाया कापसात होत्या. मला लई बरं वाटलं.

दुपारी भाकरी खाताना शांताबाईनं विचारलं, "हे कुठं शिकलात दादा?"

मी सांगितलं, लान्स नाईक भैरारामकडून. राजस्थानचा गडी. अकरा महिने त्यानं मला माग काढायला शिकवलं. चुकलो की हेल्मेटवर टपली. एका पहाटे गस्तीवर तो सगळ्यात पुढं होता. रेडिओवर एवढंच बोलला, "रुको. चार आदमी. निशान ताजा है." आम्ही आठजण जमिनीवर आडवे झालो, म्हणून गोळ्यांतून वाचलो. त्याला आडवं व्हायला वेळ मिळाला नाही.

शांताबाईनं भाकरी खाली ठेवली. "त्याची माय हाय का?"

"हाय. दिवाळीला फोन करतो."

"दिवाळीची वाट काहून पाहता? आत्ता लावा."

मी लावला. पलीकडून म्हातारीचा आवाज आला.

म्हटलं, "माँजी, आज आपके बेटे ने एक जान बचाई."